विहिणीला दाखवलेलं खोरं

कापणीच्या दिवसांत मला एका जागी बसवत नाही. एरवी मी तशी बसकी बाई आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुपारचा चहा आणि पडवीतली खुर्ची एवढं मिळालं की मला जग नको असतं. पण दिवाळीचे कंदील उतरले, उशिरा येणारं गरवं भात पिवळं पडून वाकायला लागलं, की माझ्या पायांना काहीतरी होतं. उगाच मागच्या दारी जाते, आभाळ बघते. उगाच पुढच्या दारी येते, पुन्हा आभाळ बघते. दोन्हीकडे आभाळ एकच असतं हे मलाही कळतं. आमचे हे म्हणतात, "तू बघितल्यानं ढग जानार हाय का?" न बघितल्यानंही जाणार नाही, मग बघायला काय हरकत आहे?

यंदा मात्र आभाळ हे निव्वळ निमित्त आहे. यंदा मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. प्रश्न विचारलाय माझ्या विहिणीनं, जॅनेटनं. ती राहते इंग्लंडच्या उत्तरेला, एका डोंगरखोऱ्यात, दगडी घरात, मेंढ्यांच्या संगतीत. तिचा एकुलता एक मुलगा टॉम माझ्या एकुलत्या एक रेवतीचा नवरा. दोघं अडीच वर्षांपासून इकडे खोपोलीला राहतात. टॉम साजगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. माझी नात इरा आता चुरूचुरू बोलते आणि आडवं पडलेलं भात बघून "आजी, भाताला झोप आली" म्हणते. थोडक्यात, माझं ताट भरलेलं आहे. आणि तिकडे जॅनेट एकटी. गेल्या हिवाळ्यात ती अंगणातल्या बर्फावरून घसरली आणि शेजारी येईपर्यंत तशीच पडून होती. आता तिच्या जमिनीला गिऱ्हाईक आलंय. विकली तर ती कायमची इकडे येईल, सगळे एकत्र राहतील. नाही विकली तर टॉम तिला आणखी एक हिवाळा एकटीला काढू देणार नाही. म्हणजे ही मंडळी तिकडे जाणार. माझी रेवती, माझी इरा.

जॅनेटनं फोनवर सरळ विचारलं, "विकू का? मुलं हो म्हणतात, पण मुलं प्रेमापोटी बोलतात. तू मला बघितलंयस. तू सांग. रविवारी फोन करते."

झालं! असला प्रश्न कोणी कापणीच्या तोंडावर विचारतं का?

तेव्हापासून मी अशी दारादारांतून फिरते आहे, आणि फिरता फिरता मला तीच एक कापणी आठवते आहे. तीन वर्षांपूर्वीची. जॅनेट पहिल्यांदा आणि एकदाच आमच्या गावी, कडावला आली होती ती.

तेव्हा टॉमला साजगावची नोकरी नुकतीच सांगून आली होती. ती घ्यावी की नाही हे ठरायचं होतं. मुलगा जिथे जाऊन राहील तो मुलूख स्वतःच्या डोळ्यांनी बघावा म्हणून बाई एकटी विमानात बसून निघाली. रेवतीनं मला फोनवर बजावलं, "आई, तिला आपला भाग नीट दाखव. तिचं मन झालं तर टॉम हो म्हणेल." एवढं बजावल्यावर माझ्यातली वधूमाय जागी झाली नसती तरच नवल. मुलगी दाखवायची असते तेव्हा तिला उजेडाकडे तोंड करून बसवतात आणि कढईचा डाग लागलेला हात पदराखाली घ्यायला सांगतात. मी आमच्या अख्ख्या खोऱ्याला तसं बसवायचं ठरवलं.

विमानतळावर आणायला हसनभाईंची इको. हसनभाई कर्जतच्या बाजारपेठेतले, त्यांच्या वडिलांचं तिथे किराणा दुकान होतं. आमच्या घरातली बाळंतपणं, लग्नं, दवाखाने सगळं त्यांच्याच गाडीतून झालेलं. निघण्याआधी मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "चौक गावाकडून येताना जरा रस्ता बघून घ्या. पाहुणीला चांगलं दिसलं पाहिजे." हसनभाईंनी मान खाजवली. "वैनी, त्या रस्त्यानं गेलो तर प्लॉटिंगसाठी कापलेला डोंगर दिसेल. ह्या रस्त्यानं गेलो तर खड्डे. काय दाखवू बोला."

"खड्डे दाखवा," मी म्हटलं.

त्याप्रमाणे आम्ही आदळत आपटत आलो. जॅनेट खिडकीला नाक लावून बसलेली. उंच, हाडापेराची बाई, केस आखूड कापलेले, गाल वाऱ्यानं भाजलेले, हात मात्र आमच्या शेजारच्या शेवंताचे असावेत तसे, कष्टाचे. मी तिला डोंगर ओळखून दाखवत होते. हे माथेरान, मुंबईची माणसं ते वर चढून बघतात, आम्ही खालून. संध्याकाळी सूर्य त्याच्या मागे गेला की आमच्याकडे दिवस संपतो. आणि पलीकडे उगवतीला सह्याद्रीची भिंत, तिच्यातून वर आलेला तो सुळका म्हणजे पेठचा किल्ला. जॅनेट म्हणाली, "आमच्याकडे हिवाळ्यात डोंगर जेवणाच्या आधीच सूर्य गिळतो." मला वाटलं, अगंबाई, हिच्याकडेही डोंगर आहेत तर! इंग्लंड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नुसता घड्याळाचा मनोरा आणि छत्र्या यायच्या. इतकी वर्षं मुलांना भूगोल शिकवला त्याचं हे फळ.

त्या दिवसांतला वास अजून माझ्या नाकात आहे. कापलेलं भात शेतात दोन दिवस वाळत पडतं तेव्हा त्याला एक ओलसर, गोडूस वास येतो. सकाळी दव असतं तेव्हा तो जमिनीलगत राहतो, उन्हं चढली की वर येतो, घरात शिरतो, अंथरुणाला लागतो. पोपटांचे थवे एका शेतातून दुसऱ्या शेतात कलकलत जात असतात आणि कुठेतरी कोणीतरी पत्र्याचा डबा बडवत त्यांना शिव्या घालत असतं. जॅनेट आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून बघते तर ती अंगणात उभी. थंडीची शाल नाही, पायात काही नाही. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. ती नुसती वास घेत होती. मला बघून म्हणाली, "आमच्याकडे गवत कापल्यावर असंच होतं. झोप लागत नाही."

पण मी काही तिला कापणी दाखवायला आणली नव्हती. मला काळजी तिच्या मानाची. विहीण ही काय चीज असते हे ज्यांच्या घरात लग्न झालंय त्यांना सांगायला नको. तिला पाटावर बसवायचं, पहिलं वाढायचं, तिच्या हाताला पाण्याचा तांब्यासुद्धा लागू द्यायचा नाही. ती हसली तरी विचार करायचा की का हसली. माझी शेजारीण शेवंता ह्या बाबतीत माझी गुरू. तिचं आणि आमचं शेत एका बांधाला लागून, आणि आमची भांडणंही त्याच बांधावरची. पण पाहुणी आली म्हटल्यावर ती भांडण मिटवून माझ्या स्वयंपाकघरात हजर झाली. नव्या तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, घावन. जॅनेटला तिनं "जनाताय" करून टाकलं आणि चोवीस तास तिच्यावर पहारा ठेवला. जॅनेटनं ताट उचललं की शेवंता झडप घालून ते काढून घ्यायची. जॅनेटनं केरसुणी धरली की हिनं दुसरं टोक धरलंच.

"गं बाय, बस ना तू! बस! शिट डाऊन!"

एकदा जॅनेट गोठ्यात शिरून म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती, शेण काढायचं खोरं हातात घेतलेलं. शेवंतानं ते बघितलं आणि माझ्याकडे पळत आली. "वैनी, आगं विहीण हाय ती! तिनं शेण काढलंन नि कुनी बगितलं, तं गाव आपल्या तोंडात शेण घालंल!" मग मी जाऊन जॅनेटला हाताला धरून पडवीतल्या खुर्चीत आणून बसवलं. गोड हसून. चहा दिला. ती बिचारी बसली. आमचे हे शेतावर निघताना तिच्याकडे बघून मान हलवायचे, ती त्यांच्याकडे बघून मान हलवायची. मला वाटायचं, वा, काय सुरेख चाललंय.

माथेरानला नेलं तिला. तिथे गाडी वर जात नाही म्हटल्यावर ती खूश झाली. मी तिच्यासाठी हातरिक्षा ठरवली, पुढे एक माणूस ओढणार, मागे दुसरा ढकलणार. ती म्हणाली, "मी बसणार नाही." मी म्हटलं, "इथे सगळेच बसतात." ती म्हणाली, "मी चढ चढू शकते." आणि ती चढायला लागली. मला आता परत रिकामी रिक्षा पाठवायला लाज वाटली म्हणून शेवटी मीच बसले. म्हणजे पाहुणी लाल मातीतून तरातरा पायी, आणि यजमानीण मागून रिक्षात. बाजारात एक घोडेवाला दात काढून हसला तो अजून आठवतो. वर कड्यावर उभी राहून जॅनेटनं खाली आमचं खोरं बघितलं. शेतांचे पिवळे तुकडे, मधून पेज नदी, आणि अर्थातच मी रस्ता बदलून लपवलेले ते सगळे कापलेले डोंगर, तांबडे तुकडे, फार्महाउसांची निळी पोहण्याची तळी. वरून काही लपत नाही.

असा आठवडा गेला. आणि जॅनेट गप्प होत गेली. खायची कमी. खुर्चीत बसायची आणि गुडघ्यावर हात चोळायची. संध्याकाळी मात्र तिचा चेहरा बदलायचा. संध्याकाळी ती तिकडे शेजाऱ्याला फोन करायची. तो तिच्या मेंढ्या सांभाळत होता. त्या फोनवर ती एकेका मेंढीची चौकशी करायची, ती लंगडी कशी आहे, ती म्हातारी खाते का. दिवसभर हिंडताफिरताना न दिसलेली बाई त्या वेळी पडवीभर येरझारा घालायची, हात हवेत उडवायची, मोठ्यानं हसायची. फोन बंद झाला की पुन्हा खुर्ची.

मी तिला एकदा विचारलं, ह्या मेंढ्यांना कुंपण असतं का? ती म्हणाली, डोंगरावर कुंपण नाही. प्रत्येक कळपाला आपला डोंगर माहीत असतो. मेंढी आपल्या कोकराला घेऊन हिंडते, कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला. म्हणून तिकडे शेत विकलं की कळप त्याच्याबरोबरच द्यावा लागतो. दुसऱ्या डोंगरावर नेलं तर त्या भरकटतात. हे ती इतकं साधेपणानं सांगत होती की मी मान डोलावली आणि विचारलं, अजून एक घावन वाढू का?

मग रेवतीचा फोन आला. आवाज चढलेला. "आई, तुम्ही तिला काय केलंय?"

"काय केलंय म्हणजे? राणीसारखी ठेवलीय!"

"तेच! ती काल टॉमशी बोलताना रडली. म्हणाली, त्यांना मी आवडले नाही. मला काही करूच देत नाहीत, परक्यासारखं बसवून ठेवलंय. आई, तिच्याकडे जो माणूस आवडतो त्याला कामाला लावतात. मी पहिल्यांदा गेले ना, तेव्हा तिनं दारातच माझ्या हातात बादली दिली होती. मला आधी राग आला होता. मग टॉम म्हणाला, तू पास झालीस."

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. शेवंताला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. "असं कुटं आसतंय? मान दिला म्हनून कोन रडतंय?" पण मग तीच जरा वेळानं म्हणाली, "खरं सांगू का वैनी, मला कुनी आसं दिवसभर बसवलं ना खुर्चीत, तं मी मरून जाईन गं."

आम्ही काही ठरवायच्या आत आभाळानंच ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सह्याद्रीच्या भिंतीमागून काळे ढग वर आले. खाली सगळं भात कापून पसरलेलं, कडक वाळलेलं. त्यावर एक सर जरी आली तरी दाण्याला मोड. आमच्या ह्यांनी बांधावरून एकच हाक मारली आणि घराघरातून माणसं निघाली. म्हातारी, तरणी, गरोदर, जावई, सगळी. त्या वेळी कोण कोणाचं हे बघत नाहीत. ज्याचं शेत जवळ त्याचं आधी गोळा करायचं. मी पदर खोचून धावले, चपला कुठे गेल्या कोण जाणे, आणि अर्ध्या वाटेत बघते तर माझ्या पुढे जॅनेट. लांब ढांगा टाकत, हात वर करून कोणाला तरी काहीतरी ओरडत. ती सरळ शेतात घुसली आणि कवळ्यानं भात उचलायला लागली.

तिला भारा बांधता येत नव्हता. पेंढ्याचाच बंध करून त्याला पीळ द्यावा लागतो. तिचा बंध सारखा सुटायचा. शेवंता शेजारी ओणवी होती. तिनं दोन वेळा सहन केलं, तिसऱ्यांदा तिचा पारा चढला. "आगं ए जनाताय! आसं नाय! पीळ दे, पीळ! एवढी मोठी झालीस, डोंगराएवढी, नि बंद बांदता येत नाय?" आणि तिनं जॅनेटच्या हातावर चापटी मारली. चापटी! विहिणीच्या हातावर! मी जागच्या जागी थिजले. आणि जॅनेट हसली. पहिल्यांदा पोट धरून हसली. मग तिनं खाली बसून शेवंताकडून पीळ शिकून घेतला आणि त्यानंतर तिचा एकही भारा सुटला नाही. आम्ही धावतपळत सगळं खळ्यावर आणलं, ताडपत्री ओढली, वर दगड ठेवले, आणि धापा टाकत आभाळाकडे बघत उभे राहिलो.

पाऊस आलाच नाही. ढग माथेरानवरून निघून गेले. खाली एवढं लख्ख ऊन पडलं की चेष्टाच वाटावी. आमचे हे म्हणाले, "आता उद्या परत पसरा." आणि सगळं खळं हसायला लागलं.

त्या संध्याकाळी जॅनेट आणि मी बांधावर बसलो. तिच्या दंडांवर भाताच्या पात्यांचे ओरखडे उठलेले, ती ते कौतुकानं बघत होती. मी आता मनातल्या मनात तिला अगं-तुगं करायला लागले होते. ती म्हणाली, "मी इथे दोष काढायला आले होते. वाटलं होतं, काहीतरी सापडेल. काहीतरी घाण, काहीतरी धोका, आणि मी टॉमला सांगेन, नको जाऊस. डोंगर कापलेले बघितले मी. तू वेगळ्या रस्त्यानं नेत होतीस ते मला कळत होतं. आमच्याकडेही तसंच आहे, गावातली अर्धी घरं शहरातल्या माणसांची, वर्षभर कुलपात. त्याच्यावरून काही ठरवता येत नाही." मग तिनं विचारलं, "तो इथे सुखी होईल का?"

मी म्हटलं, "होईल."

किती पटकन म्हटलं मी. तिचं वाक्य पुरतं संपायच्या आत. मला पोर हवी होती हो. मी काही संतीण नाही. आठवड्यातून एकदा फोनच्या चौकोनात लेकीचं तोंड बघायचं, तिच्या मागे पाऊस पडताना बघायचा आणि "जेवलीस का" विचारायचं, ह्याला मी विटले होते. आणि ती समोर बसलेली बाई माझ्याइतकीच आई होती हे मला दिसत होतं. दिसूनही मी "होईल" म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

जॅनेटनं मान हलवली. "मग मी त्याला सांगते," ती म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि उठली.

आणि ती मंडळी आली. टॉम खरंच सुखी झाला. तो रविवारी कडावला येतो, ह्यांच्याबरोबर बांध घालतो, शेवंताशी त्याच्या मराठीत भांडतो. "शेवंताताय, तुमी लबाड हाय" हे त्याचं पहिलं अख्खं वाक्य. इराचा जन्म इथलाच. तेव्हा बाळंतपणाला मी खोपोलीला त्यांच्या फ्लॅटवर राहायला गेले होते. छान फ्लॅट, लिफ्ट, गॅलरीतून घाट दिसायचा. लेक, नात, जावई सगळे जवळ. एखादी बाई सुखानं वेडी झाली असती. मी मात्र सकाळी उठून गॅलरीत उभी राहायची आणि कळायचं नाही की हातांचं काय करावं. दारात कोणी हाक मारत नव्हतं. खाली माती होती, पण ती सोसायटीची. शेवटी म्हैस आजारी आहे असं सांगून मी पळून आले. म्हैस ठणठणीत होती. रेवतीला हे माहीत आहे, ती अजून मला चिडवते.

परवा ती इराला घेऊन आली होती. उकडलेल्या शेंगा सोलत खळ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, तू जॅनेटला ये म्हण. तुझं ऐकेल ती. ती आली की आम्ही इथेच राहू, इराची शाळा इथेच. मला नाही जायचं गं परत. तिथला हिवाळा मला सोसत नाही." तिच्या आवाजात लहानपणी ताप आल्यावर यायची ती काकुळती होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बघू" म्हटलं. "बघू काय?" ती म्हणाली. "आई, एक वाक्य बोलायचंय तुला."

एकच वाक्य. खरंय. ह्यांना विचारलं तर ह्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, बराच वेळ पेंढ्याची काडी मोडत बसले, आणि म्हणाले, "मला नको इचारू. माझ्या तोंडून पोरीसाठीच निगंल." मग उठून शेतावर गेले.

मी माझ्या मनाशी वकिली करून बघितली. जॅनेटला नात मिळेल. बर्फ नाही, घसरणं नाही. कडावला आमच्यातच राहील, भारे बांधेल, शेवंताच्या चापट्या खाईल. तीन आठवडे तिला इथे किती छान गेले शेवटी! मग मला आठवलं की तेच तीन आठवडे, अगदी ती खुशीत असतानाही, ती रोज पहाटे अंगणात कशी उभी असायची. डोंगराकडे बघायची आणि मान हलवायची, कोणीतरी ओळखीचं समजून हाक मारावी आणि तो भलताच निघावा तशी. जाताना गाडीत बसली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा? चेहरा घरी निघालेल्या माणसाचा होता. मी तो बघितलाय. मी नसता बघितला तर बरं झालं असतं.

आज रविवार. सकाळपासून आम्ही कापणी करतोय. शेवंता पलीकडच्या तुकड्यात ओणवी, मी अलीकडे. आभाळ स्वच्छ आहे, एक ढग नाही, आज तरी एखादा ढग यायचा होता म्हणजे धावपळीत फोन चुकला असता. दुपारी जेवण उरकून उठते तोच फोन वाजला.

"कापणी चालू आहे का?" जॅनेटनं विचारलं.

"चालू आहे."

"पाऊस?"

"नाही."

तिच्याकडून वारा ऐकू येत होता. मधूनच एखादी मेंढी. तिनं पुन्हा काही विचारलं नाही, विचारून झालं होतं.

मी म्हटलं, "जॅनेट, विकू नकोस."

तिकडे पुन्हा एक मेंढी ओरडली.

"तू इथे जगशील," मी म्हटलं, "पण तुला रोज खुर्चीत बसवल्यासारखं होईल. मला माहीत आहे ते. विकू नकोस. मी मुलांना पाठवते."

मग तिचा श्वास ऐकू आला. ती रडत होती की काय कोण जाणे, वाऱ्यामुळे कळलं नाही. ती म्हणाली, "तुला माहीत आहे ना, तू काय बोलतेयस?"

"चांगलं माहीत आहे," मी म्हटलं आणि फोन बंद केला, कारण पुढचं मला इंग्रजीत बोलता आलं नसतं.

बांधावर बसले. गुडघ्यात डोकं घातलं. इतके दिवस हललेले पाय आता जड होऊन पडले होते. शेवंतानं पलीकडून बघितलं असावं. ती धावतच आली. "काय गं वैनी? कोन गेलं? सांग ना गं, कोन गेलं?"

"कोणी नाही गं गेलं," मी म्हटलं. "रेवतीची पाठवणी केली."

ती माझ्याकडे बघत राहिली. रेवतीचं लग्न तिकडे कचेरीत सह्या करून झालं होतं, त्या वेळी साथीमुळे येणंजाणं बंद होतं, आम्ही इथे फोनसमोर उभं राहून अक्षता टाकल्या होत्या आणि मग पेढा खाऊन आपापल्या कामाला लागलो होतो. पाठवणी अशी झालीच नव्हती. शेवंतानं हातातला विळा खाली ठेवला, माझ्या शेजारी बांधावर बसली, डोक्यावर पदर ओढून घेतला, आणि मुलीकडच्या बायकांनी मांडवाच्या दारात रडायचं असतं तशी मोठ्यानं रडायला लागली.